एप्रिल-मेमध्ये पानावर असेल ते झाड : जुळे सोलापुरातल्या एका अंगणाचं प्रकरण

२०२२ चा पाडवा होऊन आठवडा झाला असेल. जुळे सोलापुरातून अण्णांचा फोन आला. "लवकर वाढणारं झाड सांगा. दोन वर्षांत सावली पडली पाहिजे. आमच्याकडं वेळ नाही आता." अण्णा यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या घरात. अक्कांना दम्याचा त्रास. "वेळ नाही" हे ते सहज बोलून गेले, पण त्या घरासाठी घेतलेला प्रत्येक निर्णय मी त्या दोन शब्दांवर तपासून पाहिला.

मी घराभोवतीची झाडं निवडून लावून देण्याचं काम करतो. "लवकर वाढणारं" ही मागणी दहातल्या आठ घरांत पहिली असते. या घरात त्या मागणीचं काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण इथली परिस्थिती अर्ध्या सोलापूरची आहे.

चाळीस बाय साठचा प्लॉट, तोंड पश्चिमेला रस्त्याकडं. एकमजली घर, नऊ इंची वीटकाम, वर स्लॅब. हॉलची आणि झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेच्या भिंतीत. भिंतीपासून कंपाउंडपर्यंत बावीस फूट मोकळं अंगण, मधोमध पाण्याचा हौद, दक्षिणेच्या कडेनं ड्रेनेजची लाइन. कंपाउंडबाहेर रस्त्याच्या कडेला विजेच्या तारा. गच्चीवर दक्षिण टोकाला सोलर हीटर. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बोअर एप्रिलअखेर गुळण्या टाकायला लागतो.

मी गेलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. भिंतीला बाहेरून तळहात लावला. पाच आकडे मोजेपर्यंत हात टिकला नाही. ही भिंत दुपारी दोनपासून ऊन पिते आणि ती उष्णता आत पोचायला काही तास लागतात. म्हणून खोली दुपारपेक्षा रात्री नऊ-दहाला जास्त तापलेली असते. अक्का म्हणाल्या, "दिवसा कसंबी निभतंय हो, रात्री भिंत अंगावर येती." धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे फार जाणवतं. त्या जाड मातीच्या भिंती-छतांत ऊन आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असायचा.

स्लॅबचं मी तिथंच सांगून टाकलं. झाड मोठं होऊन स्लॅबवर सावली धरेल याला वर्षं लागतील, आणि तिथं सोलर आहे म्हणून ती दक्षिण बाजूला धरूही नये. स्लॅबला उन्हाळ्याच्या तोंडाशी चुना मारा. झाडाचं काम पश्चिमेच्या भिंतीचं.

याआधीचं झाड

त्या अंगणात आधी एक गुलमोहर होता. घर बांधलं तेव्हा लावलेला, सहा वर्षांत पंचवीस फूट गेला. वेगाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण गुलमोहर आपली पानं टाकतो ती थंडी संपता संपता, आणि नवी पानं नीट भरेपर्यंत मे निम्मा सरलेला असतो. फुलं सुंदरच, पण ऐन एप्रिलात त्याच्याखाली उभं राहिलं तर डोक्यावर नुसत्या शेंगा. मुळं उथळ पसरणारी, लाकूड ठिसूळ. २०२१ च्या मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात तो बुंध्याजवळ चिरला, अर्धा भाग कंपाउंडवर पडला. माणूस कुणी बाहेर नव्हतं म्हणून बरं. उरलेला अर्धा काढायचा तर महापालिकेकडं अर्ज. राज्याचा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा १९७५ पासून आहे आणि स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. हा कायदा मला पटतो. पण त्यामुळंच लावताना विचार करावा लागतो, कारण चूक झाली तर ती कुऱ्हाडीनं लगेच पुसता येत नाही.

मुलाच्या डोक्यात कोनोकार्पस होता. एका रोपवाटिकेनं त्याला "वर्षात दहा फूट, पाणी कमी, पानगळ नाही" असं सांगितलेलं. यातलं वाढीचं आणि पानगळीचं खरं आहे. पण त्याची मुळं ओल शोधत पाइप, हौद, चेंबर इथं घुसतात, आणि त्याच्या फुलोऱ्यातल्या परागांनी श्वासाचा त्रास असणाऱ्यांचा त्रास वाढतो असे आक्षेप आहेत. २०२३ मध्ये गुजरात सरकारनं त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती याच कारणांनी. आमचं बोलणं त्याच्या वर्षभर आधीचं, पण ज्या घरात दम्याचं माणूस आहे आणि अंगणाच्या मधोमध हौद आहे तिथं मी ते झाड लावणार नाही, हे मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. मुलगा जरा नाराज झाला.

मग मी अण्णांना म्हटलं, उद्या दुपारी चार वाजता स्कूटर काढा.

चार वाजताची फेरी

मला विचाराल तर सोलापुरात झाड निवडायची ही सगळ्यात खात्रीची पद्धत आहे. पाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत, दुपारी चारला, गावातून चक्कर मारायची आणि माणसं कुठल्या झाडाखाली थांबलीत ते बघायचं. रिक्षावाला, कलिंगडवाला, चपला शिवणारा. यांना दिवसभर तिथं बसायचंय, त्यांची निवड चुकत नाही.

जुळे सोलापुरातून विजापूर रोडनं सात रस्त्यापर्यंत गेलो, तिथून रेल्वे लाइन्सकडं. रस्त्यात शिरीष होते, फांद्यांवर वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या, पान नावाला. शिरीष पटकन वाढतो, पावसाळ्यात त्याची सावली उत्तम, पण आपल्याला हवी तेव्हा तो रिकामा. बहावा एखाद्या ठिकाणी फुलायच्या बेतात होता आणि जवळजवळ निष्पर्ण. सोनमोहराला पान होतं, पण खाली दोन मोठ्या फांद्या मोडून पडलेल्या. बदाम हिरवागार दिसला तो एका हॉटेलच्या मागं, जिथं भांडी घासल्याचं पाणी दिवसभर वाहत होतं. सप्तपर्णीची रांग एका नव्या वसाहतीबाहेर होती, टोकं करपलेली. तिला आपल्याकडच्या पावसापेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. शिवाय दिवाळीच्या सुमाराला तिच्या फुलांचा दर्प इतका उग्र असतो की अक्कांच्या खिडकीखाली ती नकोच.

आणि कडुनिंब. एका कडुनिंबाखाली तीन रिक्षा, एक रसवंतीची गाडी आणि एक झोपलेलं कुत्रं. अण्णा स्कूटरवरून उतरून त्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि वर बघितलं. पान कोवळं, तांबूस रंग जाऊन नुकतं हिरवं झालेलं, बारीक पांढऱ्या फुलांचा सडा रसवंतीच्या ताडपत्रीवर. मी त्यांना म्हटलं, आपण पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला खातो, तो त्या दिवशी सापडतो म्हणूनच ना? माघ-फाल्गुनात हे झाड झडतं आणि पाडव्याला नव्या पानावर असतं. उन्हाच्या तडाख्याआधी ज्याची तयारी पूर्ण होते असं झाड आपल्या सणात आधीच नोंदलेलं आहे.

पुढं एका जुन्या बंगल्याच्या कोपऱ्यावर करंज होता. करंजाची पानगळ थोडी उशिरा, पण चार-दोन आठवड्यांत तो लखलखीत नव्या पानांनी भरतो आणि त्याची सावली कडुनिंबापेक्षा दाट. खाली लाह्या सांडाव्यात तशी जांभळट पांढरी फुलं. काळ्या जमिनीत तो तग धरतो, थोडं पाणी साचलं तरी मरत नाही, ओढाताणीच्या वर्षातही उभा राहतो. पानांवर गाठी येतात, त्या दिसायला वाईट, झाडाला फारसा धोका नाही.

परत येताना अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ही दोन्ही हळू वाढत्यात." वाढीच्या तक्त्यात बघितलं तर गुलमोहर, कोनोकार्पस पुढं आहेत, हे बरोबरच. पण आपल्याला फूट मोजायचेत की मे महिन्यातली सावली? आणि सावलीसाठी झाड किती उंच लागतं हे आपण मोजलेलंच नव्हतं.

वासा आणि सुतळी

ते मोजायला मेच्या मध्याला पुन्हा गेलो. पंधरा फुटांचा एक वासा घेतला. अण्णांच्या मुलानं तो भिंतीपासून पंधरा फुटांवर उभा धरला, साडेचार वाजता. मी खिडकीपाशी.

सोलापुरात मेच्या १० तारखेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. मे महिन्यात साडेचारला तो क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर असतो, आणि दिशा नेमकी पश्चिम नसते, किंचित उत्तरेकडं कललेली असते. म्हणून वाशाची सावली समोरच्या भिंतीवर सरळ न पडता तीनेक फूट दक्षिणेला पडली. वासा तेवढा उत्तरेला सरकवल्यावर टोकाची सावली खिडकीच्या मधोमध आली, जमिनीपासून साडेपाच फुटांवर.

मुलगा बघतच राहिला. पंधरा फुटांचं झाड अर्धी खिडकी झाकतं. सतरा फुटांचं झाड पूर्ण खिडकी झाकेल. वीस-एकवीस फुटांचं अख्खी भिंत. पन्नास फुटी झाडाची इथं गरजच नव्हती. तीनच्या उन्हाला मात्र हे गणित चालत नाही, तेव्हा सूर्य बराच वर असतो आणि घराकडं पसरलेला झाडाचा घेरच कामाला येतो. म्हणजे उंच जाणाऱ्या झाडापेक्षा पसरणारं झाड आपल्याला हवं.

या वाशानं दोन जागा ठरल्या. दोन्ही भिंतीपासून पंधरा फूट, हौदापासून दोन बाजूंना दहा-दहा फूट. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. मोठं झाड पायाला चिकटून असेल तर पायाखालची ओल ओढून ते या आकसण्यात भर घालतं. पंधरा फुटांच्या आत मला यायचं नव्हतं. उत्तरेच्या बाजूला, झोपायच्या खोलीसमोर, कडुनिंब. दक्षिणेला अंगणाचा उतार होता, मोरीचं पाणी तिकडं जायचं, तिथं करंज.

आणि अण्णांच्या "वेळ नाही"साठी शेवगा. भिंतीपासून दहा फुटांवर दोन. शेवगा पहिल्याच वर्षात दहा-बारा फूट जातो. लाकूड भेंडासारखं, मोडणारच, पण मोडला तरी वजन नाही. सावली विरळ. त्याचं काम तीन वर्षांचं, मुख्य झाडं हाताशी येईपर्यंत. लवकर वाढणारं आणि कायमचं, ही दोन कामं एकाच झाडावर टाकली की गुलमोहरासारखं होतं. ती वेगळी केली की दोन्ही सुटतात. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

खड्डा

मेमध्येच खड्डे काढून उन्हात तापू दिले. तीन फूट लांब, रुंद, खोल. वर दीड-दोन फूट काळी, मध्ये घर बांधताना पुरलेलं राबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, आणि सिमेंटचे गोळे, खाली कडक मुरूम. या मुरमाच्या थरावर येऊन झाडं थांबतात. वर चार वर्षं नीट दिसतात, मग उन्हाळ्यात वाळतात आणि मालक म्हणतो झाडच वाईट होतं. पहारीनं तळाचा मुरूम आणखी फूटभर फोडला. राबिट सगळं बाहेर काढलं. भरताना काळीत निम्मा मुरूम, दोन पाट्या कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी दोन किलो निंबोळी पेंड. याहून जास्त खत घालू नये. खड्डाच फार लाडाचा केला तर मुळं त्याच्या बाहेर पडत नाहीत.

प्रत्येक खड्ड्यात चार इंची पाइपचा अडीच फुटी तुकडा उभा बसवला, अंगाला भोकं पाडून, आत खडी भरून. पाणी यातून खाली जातं. रोज तांब्याभर पाणी वर टाकलं की मुळं वरच घुटमळतात. आठवड्यातून एकदा चाळीस लिटर खोल दिलं की ती पाण्यामागं खाली जातात. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हेच परवडतं.

पाणी कुठलं, यावर घरात बराच खल झाला. अक्कांना वाटत होतं आरओचं वाया जाणारं पाणी द्यावं. ते देऊ नका म्हटलं. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातले क्षार गाळून उरलेलं पाणी आणखी खारट, आणि आपली काळी जमीन मुळात चुनखडीची. कपड्यांच्या पहिल्या साबणाच्या पाण्यातला सोडा काळी माती दगडासारखी करतो, तेही नको. भाज्या-तांदूळ धुतलेलं, दुसऱ्या-तिसऱ्या खळबळीचं आणि अंघोळीचं पाणी चालेल, अधूनमधून साधं पाणी मात्र सोडायचं.

रोपं अडीच फुटांची घेतली. मुलगा आठ फुटी रोपं आणायला निघाला होता. मोठ्या रोपाची पिशवी फाडून बघा, मुळं आत चक्री होऊन बसलेली असतात आणि तो पीळ आयुष्यभर सुटत नाही. लहान रोप दोन-तीन वर्षांत त्याला गाठतं. काठ्या दोन्ही बाजूंना, आणि बांधायला अण्णांनी कापून टाकलेल्या चादरींच्या कडेच्या पट्ट्या आणल्या. सुतळीनं सालीला काच पडतो, या पट्ट्यांनी पडला नाही.

तीन वर्षं

जुलै २०२२ मध्ये, जमीन नीट भिजल्यावर लावणी झाली. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरचा, मधले दोन महिने उघडीप धरूनच चालावं लागतं, म्हणून पावसाळ्यातही पाइपमधून पाणी चालू ठेवलं. सप्टेंबरात उलटं झालं. कडुनिंबाच्या खड्ड्यात दोन दिवस पाणी उभं राहिलं आणि खालची पानं पिवळी पडली. फोडलेल्या मुरमातूनही पाणी जाईना. ही माझी चूक. खड्डा भरण्याआधी त्यात पाणी सोडून किती वेळात उतरतं ते मी बघायला हवं होतं. आळं फोडून उताराकडं चर काढला, झाड सावरलं. करंजाला त्याच पावसात काही झालं नाही.

२०२३ च्या मेमध्ये शेवगे बारा फुटांवर होते. सावली जाळीसारखी, पण खिडकीवर पडत होती. कूलर बाराला लागायचा तो दीडला लागायला लागला, असं अक्कांनीच सांगितलं. पावसाळ्यात मात्र शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचे थवे बसले आणि अक्कांच्या हाताला खाज आली. हा त्रास शेवग्याबरोबर येतोच. संध्याकाळी पलित्यानं किंवा साबणाच्या पाण्यानं थवा बुंध्यावर असतानाच नष्ट करावा लागतो. मी आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि दारात सुरवंट दिसणं वेगळं.

त्या हिवाळ्यात कडुनिंबाचे शेंडे जळाल्यासारखे वाळले. अण्णा घाबरले, फोनवर आवाज कापत होता. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यानंतर कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग तेलंगणात आणि आपल्याकडंही पसरलाय. बुरशी आणि रस शोषणारा ढेकूण, दोन्हींचं मिळून ते काम असतं. वाळलेले शेंडे हिरव्या लाकडापर्यंत कापून जाळले आणि थांबलो. पाडव्याला झाड पुन्हा फुटलं. अण्णांनी त्या दिवशी मला पाल्याचा फोटो पाठवला, सोबत एक शब्दही नव्हता.

छाटणीबद्दल एवढंच, की शेंडा कधी मारला नाही. खालच्या फांद्या एकदम न काढता दरवर्षी दोन-तीन काढल्या. खालच्या फांद्यांवरच्या पानांनी बुंधा जाड होतो, आणि वळवाच्या वाऱ्यात जाड बुंधाच उभा राहतो.

२०२४ च्या मेमध्ये एक शेवगा वाऱ्यात कंबरेत मोडला. अंगणातच पडला, कुंडी फुटली, बाकी काही नाही. तोवर करंज साडेनऊ फूट होता आणि त्याचा घेर शेवग्याची जागा घ्यायला लागला होता.

२०२५ चा मे अवकाळी पावसातच गेला, म्हणून त्या उन्हाळ्याचा हिशेब एप्रिलवरूनच करायचा. एप्रिलअखेर कडुनिंब चौदा फुटांवर, करंज अकरावर पण अंगानं दुप्पट. साडेचारला झोपायच्या खोलीची अर्धी खिडकी सावलीत. भिंतीला पुन्हा तळहात लावला, त्याच जागी, त्याच वेळी. सावलीतल्या भागावर हात ठेवून बोलत उभा राहता आलं. वरचा पाच-सहा फुटांचा पट्टा अजून तापतो, त्याला आणखी दोन उन्हाळे लागतील. रात्री खोलीची भिंत कोमट असते, गरम नसते, असं अक्का म्हणतात.

दुसऱ्या शेवग्याचं काम संपलंय. तो आता करंजाच्या घराकडच्या फांद्यांना अडवतोय. काढायच्या परवानगीचा अर्ज अण्णांनी भरून टेबलावर ठेवलाय, पण अक्कांनी सांगितलंय, झाडावरच्या शेंगा उतरल्याशिवाय तो अर्ज महापालिकेत जायचा नाही.